कढत किती, कोमट किती

डाईंग मिलच्या रात्रपाळीवरचा माणूस सकाळी सुटतो, तेव्हा त्याचे बारा तास एका आकड्याची राखण करण्यात गेलेले असतात : १३०. सुरतेत रंगतं ते बहुतेक पॉलिएस्टर, आणि पॉलिएस्टरच्या धाग्यात रंग शिरवायचा तर जेट मशीनमधलं पाणी १३० अंशांपर्यंत न्यावं लागतं. उघड्यावर पाणी शंभराला उकळून जातं, म्हणून हे काम बंद भांड्यात, दाबाखाली चालतं. वर चढवतानाही घाई चालत नाही. मिनिटाला एक-दोन अंश असं चढवायचं, वर अर्धा-पाऊण तास धरून ठेवायचं, मग सबुरीनं उतरवायचं. कुठं चुकलं की रंग सारखा बसत नाही, ताग्यावर पट्टे उमटतात, आणि कलर मास्तर कापड परत मशीनमध्ये टाकायला लावतो. मशीनच्या पोटात प्लॅटिनमच्या तारेची एक बारीक कांडी असते. मिलमध्ये तिला पीटी-हंड्रेड म्हणतात, कारण शून्य अंशाला तिचा विद्युतरोध बरोबर १०० ओहम असतो. तिच्या सांगण्यावरून वाफेचा व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. पुढं कापड ते ताणून सुकवणाऱ्या स्टेंटर यंत्रावर जातं. तिथली हवा १८० ते २०० अंश, तिचंही मोजमाप असंच चोख.

हाच माणूस पांडेसऱ्याहून गोडादऱ्याला घरी येतो. बाथरूमच्या दारात प्लॅस्टिकच्या बादलीत रॉड सोडलेला असतो. घरातली बाई आधी बटण बंद करते, मग पाण्यात बोट घालते, क्षणभर थांबते आणि म्हणते, “झालं, घ्या आता.”

मिलमध्ये अंशाअंशाचा हिशेब आणि घरात बोट. मला या दोन टोकांच्या मधलं अंतर समजून घ्यायचं होतं. घरातली ऊब आणि ऊन पाणी कोण ठरवतं, कुठं बसून ठरवतं आणि त्याला नेमकं काय दिसतं, हा या लेखाचा विषय आहे. ज्या उपकरणाला आपण थर्मोस्टॅट म्हणतो, त्याची एक मर्यादा सगळीकडे सारखीच आहे, मग ते इंग्लंडातल्या घराच्या भिंतीवर असो, गोडादऱ्यातल्या गीझरच्या पोटात असो, की एसीच्या जाळीमागं असो. ते जिथं बसवलंय तेवढंच त्याला कळतं.

गोडादरा हे सुरतेच्या आग्नेय अंगाचं जुनं गाव. आता ते शहरात पुरतं मिसळलंय. लिंबायत, डिंडोली, पर्वत पाटिया, उधना या सगळ्या पट्ट्यात मराठी कानावर पडते, आणि मराठीहून जास्त अहिराणी. तापी खोऱ्यातून उधना ते जळगाव जी रेल्वे जाते, तिनं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव इथली कुटुंबं पिढ्यान्पिढ्या इकडे आणली. कुणी लूमवर, कुणी प्रोसेस हाऊसमध्ये, कुणी रिंग रोडच्या कापड मार्केटात फोल्डिंग-पॅकिंगला, कुणी टेम्पोवर. श्रावणात इथं खानदेशची कानबाई देवी बसते. महापालिकेच्या शाळांत गुजराती, हिंदी, उर्दूबरोबर मराठी माध्यमाचेही वर्ग आहेत. घरं बहुतेक रो-हाऊसची : खाली मालक, वर भाडेकरू, त्याहीवर पत्र्याची खोली.

या वस्तीत घर तापवायची गरज कुणालाच नाही. जानेवारीतल्या पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास येतो, तेवढ्यापुरता स्वेटर निघतो, आणि दुपारी परत पंखा. घरात उष्णतेचा प्रश्न दोनच ठिकाणी उभा राहतो : हिवाळ्यात बादलीत आणि उन्हाळ्यात छताखाली. त्यामुळे भिंतीवरचा रूम थर्मोस्टॅट गोडादऱ्यात विकत मिळत नाही, आणि कुणाला हवाही नसतो. तरी तो इथल्या घरांत शिरलाय तो फोनवरून. या गल्ल्यांतली मुलं आता इंग्लंडला, कॅनडाला शिकायला जातात. नोव्हेंबर लागला की मुलाचा व्हिडिओ कॉल येतो, “मम्मी, भिंतीवरचा आकडा तीस केला, तरी नळाचं पाणी तेवढंच कोमट येतं.” मम्मीला बॉयलर म्हणजे मिलमधला, कोळशावर धडधडणारा माहीत. स्वयंपाकघरातल्या कपाटात मावणारा बॉयलर तिनं पाहिलेला नसतो.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, पण घरमालक ते सहसा समजावून सांगत नाही. इंग्लंडातल्या लहान घरांत हल्ली बहुधा कॉम्बी बॉयलर असतो. त्याच्या पोटात पाण्याच्या दोन वाटा आहेत. एक बंद फेऱ्याची : तेच तेच पाणी तापून खोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरतं आणि परत येतं. दुसरी नळाची : तोटी उघडली की थंड पाणी एका पत्र्यांच्या जुडग्यातून जाता जाता तापतं. भिंतीवरचा थर्मोस्टॅट फक्त पहिल्या वाटेचा. खोली ठरवलेल्या आकड्याच्या खाली गेली की तो बॉयलरला ‘तापव’ म्हणतो, आकडा गाठला की ‘थांब’ म्हणतो. नळाच्या पाण्याची त्याला खबरही नसते. त्या पाण्याची कळ बॉयलरच्या तोंडावरच वेगळी असते, बहुतेक ठिकाणी तिथं तोटीचं चित्र काढलेलं असतं. उलट तोटी उघडली की आतला एक व्हॉल्व्ह सगळी उष्णता नळाकडं वळवतो, आणि तेवढा वेळ खोल्यांना वाट पाहावी लागते. म्हणजे थर्मोस्टॅट आंघोळ गरम करत नाही, पण लांबलेली आंघोळ खोली थोडी गार करू शकते.

जुन्या घरांत पाण्याचं मोठं तांब्याचं पिंप असतं. त्याच्या अंगाला, तळापासून साधारण तिसऱ्या हिश्शावर, एक दुसरा थर्मोस्टॅट पट्ट्यानं बांधलेला असतो आणि तो ६० अंशांवर लावतात. खोलीचा एक, पिंपाचा एक. दोघांचे व्हॉल्व्ह वेगळे, बॉयलर मात्र एकच. कुणीही मागणी केली की तो पेटतो. ही जोडणी नीट असेल तर दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत. पण काही जुन्या घरांत खोलीचा थर्मोस्टॅट थेट बॉयलरच बंद करतो. तिथं मोठी गंमत होते : मार्चमध्ये एक दिवस चांगलं ऊन पडतं, दिवाणखाना आपोआप उबदार होतो, थर्मोस्टॅट समाधानानं बॉयलर बंद करतो, आणि न्हाणीघरात पाणी गार पडतं. दिवाणखान्याच्या भिंतीवरून न्हाणीघर दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून तो कुठं बसवायचा याला महत्त्व आहे. जमिनीपासून दीडेक मीटर उंच, जिथं थेट ऊन पडत नाही, रेडिएटर जवळ नाही, दाराच्या फटीतला वारा लागत नाही, अशी जागा निवडतात. ज्या खोलीत तो आहे तिथल्या रेडिएटरला स्वतःचा तापनियंत्रक व्हॉल्व्ह लावत नाहीत. लावला तर व्हॉल्व्ह आधी बंद होतो, खोली आकडा गाठत नाही, आणि बिचारा बॉयलर बाकीच्या घरासाठी जळत राहतो.

आकडा ३० केला म्हणून खोली लवकर तापत नाही, हेही मुलाला सांगायला हवं. बहुतेक थर्मोस्टॅट म्हणजे निव्वळ चालू-बंदचं बटण. ३० केल्यानं वेग वाढत नाही, फक्त थांबायची जागा पुढं सरकते आणि गॅसचं बिल तिच्यामागं जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली घरांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत थंड प्रदेशांत घरातलं तापमान १८ अंशांखाली जाऊ नये असं म्हटलंय. म्हातारी माणसं किंवा तान्ही मुलं असतील तर त्याहून थोडं वर. बिल वाचवायची खरी कळ दुसरीकडंच आहे. नव्या बॉयलरना धुरातली वाफ थिजवून तिची उष्णता परत घेता येते, पण रेडिएटरकडून परतणारं पाणी साधारण ५५ अंशांखाली असेल तरच. म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये, गॅस महागला तेव्हा, ब्रिटिश सरकारनं लोकांना कॉम्बी बॉयलरमधून रेडिएटरकडं जाणारं पाणी ६० अंशांवर आणायला सांगितलं. खोलीचा आकडा तोच ठेवून गॅस वाचतो तो असा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे. इतक्या वर्षांत तिथल्या मराठी घरांना हे सगळं अंगवळणी पडलेलं. आज गोडादऱ्याहून गेलेल्या मुलाला मात्र पहिल्या हिवाळ्यात कुणीतरी बसून सांगायला हवं.

खोलीचं तापमान खोलीनंच कळवावं, ही कल्पना शाळेतून आली. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेत वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. हिवाळ्यात शिपाई तासातासाला वर्गात येऊन किती थंड आहे ते बघायचा आणि तळघरात जाऊन भट्टीची झडप हलवायचा. शिकवणं तुटायचं. जॉन्सननी १८८३ मध्ये विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. वर्गातला पारा ठरलेल्या खुणेशी आला की तळघरात घंटा वाजायची. झडप हलवायचं काम तरीही शिपायाचंच. त्याही आधी, १८३० मध्ये, स्कॉटलंडचे अँड्र्यू यूर यांनी दोन धातूंच्या पट्टीवर चालणारा नियंत्रक नोंदवला होता, आणि तोही कापडाच्या गिरण्यांच्या ओढीनं : गिरणीतली उष्णता सारखी राहावी म्हणून. सुरतेच्या जेट मशीनचं मूळ तिथवर जाऊन पोचतं. पीटी-हंड्रेडकडं बघताना मला याचं फार अप्रूप वाटलं.

आता गोडादऱ्याच्या बाथरूममध्ये येऊ.

इथल्या जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढं अजून गावाकडचा बंब आहे. शिरपूर-शहाद्याकडे परसात तांब्याचा बंब पेटायचा. मधोमध नळकांडं, त्यात लाकडं आणि गोवऱ्या, भोवती पाणी. वरच्या नरसाळ्यात गार पाण्याचा तांब्या ओतला की ते नळीनं थेट तळाशी जायचं आणि वरचं तापलेलं पाणी तोटीतून बाहेर पडायचं. एक तांब्या आत, एक तांब्या बाहेर. नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणं लावून बसलेल्या पोरांची रांग आणि तो बंब, हे चित्र कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही. पण एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही, ती म्हणजे आजचा साठवणीचा गीझर याच युक्तीवर चालतो. गार पाणी तळातून शिरतं आणि गरम पाण्याला वरून ढकलून काढतं. बंबाला थर्मोस्टॅट नव्हता. जाळ किती घालायचा आणि विसण किती घालायची हे आजी ठरवायची, आणि तिचा हात तापमानाच्या अगदी जवळ असायचा.

गोडादऱ्यात धूर जायला जागा नाही, म्हणून बंब गेला. त्याच्या जागी आधी रॉड आला. दीड किलोवॅटचा रॉड २० लिटरची बादली आंघोळीजोगी करायला पंधरा-वीस मिनिटं घेतो. जेमतेम अर्धा युनिट वीज लागते. स्वस्त आणि मस्त, पण त्याला कळत काहीच नाही. बादली तशीच विसरली तर सव्वा तासात पाणी उकळतं. पुढं आटून रॉड उघडा पडला की जळतो. आणि बटण चालू असताना पाण्यात बोट घातलं तर काय होतं, हे दर हिवाळ्यात एखाद-दुसऱ्या बातमीतून कळतं. म्हणूनच आधी बटण बंद करून मग बोट घालणारी ती बाई शहाणी आहे. ज्या घरात रॉड आहे तिथं ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी मीटरपेटीत असायलाच हवा. गळती झाली की तो निमिषात वीज तोडतो. भाड्याच्या खोल्यांत तो बसवायची जबाबदारी घरमालकाची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांना जमलं त्यांनी गीझर घेतला. १५ किंवा २५ लिटरची टाकी, दोन किलोवॅटची कॉइल. त्याचा थर्मोस्टॅट बाहेरून दिसत नाही. तळाचं झाकण काढलं की पितळेची एक लांब नळी टाकीत घुसलेली असते आणि तिच्या आत इनव्हार नावाच्या मिश्रधातूची सळई असते. पितळ तापलं की वाढतं, इनव्हार जवळजवळ वाढत नाही. दोघांच्या लांबीत पडलेला केसाएवढा फरक एक कळ टचकन उडवतो आणि वीज तुटते. हा मिश्रधातू शोधणारे शार्ल गीयोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. काही गीझरमध्ये नळीऐवजी द्रव भरलेली केसनळी असते. काम तेच.

कारखान्यातून ही कळ बहुधा ६० अंशांच्या आसपास लावून येते. हिशेब असा : २५ अंशांचं २५ लिटर पाणी ६० वर न्यायला साधारण एक युनिट वीज आणि अर्धा तास लागतो. एका बादलीत चाळीसेक अंशांचं २० लिटर पाणी हवं, तर त्यात कढत पाणी साडेआठ-नऊ लिटरच लागतं, बाकी विसण. म्हणजे भरलेल्या टाकीतून जवळपास तीन आंघोळी निघतात. पाच माणसांच्या घरात चौथा म्हणतो, “पाणी गार येतंय, गीझर खराब झाला.” गीझर ठणठणीत असतो. टाकीच संपलेली असते. हे समजलं की घरातली निम्मी भांडणं मिटतात. पहिल्या तिघांनंतर वीस मिनिटं थांबा, किंवा पहिल्या तिघांनी बादलीहून थोडं कमी पाणी घ्या.

काही जण वीज वाचवायला कळ ४५ वर आणायला लावतात. यात मला धोका दिसतो. १९७६ साली फिलाडेल्फियात एका अधिवेशनाला जमलेले माजी सैनिक गूढ न्यूमोनियानं आजारी पडले आणि अनेक जण दगावले. पुढं सापडलेल्या जिवाणूला लिजिओनेला हे नाव मिळालं. साठवलेल्या कोमट पाण्यात, २० ते ४५ अंशांत, तो सुखानं वाढतो. ६० वर तो तगत नाही. रोज रिकामी होणाऱ्या घरच्या छोट्या टाकीत धोका कमी असतो, पण गावी आठ-पंधरा दिवस जाऊन आल्यावर टाकीतलं पाणी पूर्ण तापवून, थोडं वाहू देऊन मगच आंघोळ करावी. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ६० अंशांच्या पाण्यानं कातडी पाचेक सेकंदांत खोल भाजते, ४९ अंशांना त्याच भाजण्याला पाच मिनिटांहून जास्त लागतात. म्हणून साठवायचं कढत आणि अंगावर घ्यायचं कोमट, आणि बादलीत आधी गार पाणी सोडून मग गरम. लहान मूल घरात असेल तर हा क्रम मोडू नये.

टाकीवर एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी ६० वर जाताना पाव-अर्ध्या लिटरनं वाढतं, त्याला वाट हवी. म्हणून काही गीझरच्या त्या व्हॉल्व्हमधून थेंब टपकतात. ते गळणं नव्हे, ते त्याचं कामच. पण फरशी ओली होते म्हणून कुणी प्लंबरला सांगून तिथं बूच मारून घेतं. त्यानंतर एखाद्या दिवशी थर्मोस्टॅटचे संपर्क वितळून चिकटले, जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउटही निकामी निघाला, तर पाणी उकळत्या अंशाच्या पुढं जातं आणि त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. गीझर फुटल्याच्या बातम्यांमागं अशा एकाहून जास्त राखणदारांचं एकत्र निकामी होणं असतं. थर्मोस्टॅट ही पहिली चौकी, कटआउट दुसरी, व्हॉल्व्ह शेवटची. शेवटच्या चौकीला बूच मारणं हा गुन्हा समजायला हवा.

जिथं बोअरचं पाणी वापरतात तिथं कॉइलवर आणि त्या पितळी नळीवर पांढरा थर चढतो. थर म्हणजे पांघरूण. कॉइल आतल्या आत लाल होते आणि नळीला मात्र उशिरा कळतं. थर्मोस्टॅट खोटं बोलत नाही, त्याला खरं पोचत नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईतच, गीझर उघडून थर काढून घेतला आणि आतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदलली, तर टाकीचं आयुष्य वाढतं.

आता गॅस गीझर. हा मला सगळ्यांत काळजीचा वाटतो. तो लगेच पाणी देतो आणि वीज नसतानाही चालतो, म्हणून रो-हाऊसच्या मालकांना आवडतो. मिनिटाला सहा लिटर पाणी तो साधारण २५ अंशांनी वर नेतो. साध्या मॉडेलमध्ये खरा थर्मोस्टॅट नसतो. धार बारीक केली की पाणी जास्त तापतं, मोठी केली की कमी. त्याला दोन गोष्टी कळतात : पाणी वाहतंय का आणि ज्योत पेटलीय का. तिसरी गोष्ट, म्हणजे बाथरूममध्ये हवा किती उरलीय, ती साध्या मॉडेलला कळत नाही. जिन्याखालच्या बंद, हातभर झरोक्याच्या न्हाणीत तो लावला, की काही मिनिटांत प्राणवायू कमी होतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळीला गेलेलं माणूस चक्कर येऊन पडतं आणि दार आतून बंद असतं. असे मृत्यू महाराष्ट्रात, गुजरातेत, सगळीकडे झालेत. उपाय एकच : गॅस गीझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावायचा, आत फक्त पाण्याची नळी आणायची. सिलिंडरच्या गॅसवरचा गीझर पाइपच्या गॅसला तसाच जोडू नये, त्याच्या तोट्या वेगळ्या असतात. आत लावून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला ‘नाही’ म्हणणारा मेकॅनिक भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवावा.

मार्च उजाडला की हे सगळं उलटं होतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापतं की हात धुवायला नको वाटतं. गीझरची वीज बंद होते आणि त्यावर कपडे वाळत पडतात. आता थर्मोस्टॅटची गाठ पडते ती एसीत.

१ जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या स्टार लेबलच्या खोलीच्या एसीला चालू केल्यावर २४ अंश हाच आकडा आपोआप येतो, असा नियम आहे. एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्यूरोचा अंदाज. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी नव्या एसीची कळ २० ते २८ अंशांतच फिरेल, असा नियम आणण्याचं जाहीर केलं. गोडादऱ्यात उन्हातून आलेला माणूस रिमोट घेऊन थेट १६ करतो, लवकर गार व्हावं म्हणून. इंग्लंडातल्या मुलाचं ३० आणि इथल्या बापाचं १६, दोघांची समजूत एकच. खोली ३४ वर असताना २४ लावा की १६, यंत्र आधी पूर्ण जोरानंच चालतं.

एसीचा थर्मोस्टॅट भिंतीवर वर, यंत्राच्या तोंडाशी असतो. छताजवळची गरम हवा तो मोजतो, खाली चटईवर झोपलेल्या मुलाभोवतीची नाही. काही रिमोटमध्ये आता वेगळा संवेदक असतो. ती कळ दाबून रिमोट उशाशी ठेवला तर यंत्र तिथलं तापमान मानतं. ज्यांच्या रिमोटवर ती आहे त्यांनी जरूर वापरावी. आणखी एक गोष्ट थर्मोस्टॅटला कळत नाही, ती म्हणजे दमटपणा. समुद्र आणि तापी दोन्ही जवळ असलेल्या सुरतेत मे-जूनची ३४ अंशांची हवा खानदेशातल्या ४० अंशांच्या कोरड्या हवेइतकी, कधी तिच्याहून जास्त जाचते, कारण घाम वाळतच नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ड्राय मोड वापरून पंखा चालू ठेवला तर २६-२७ वरही झोप लागते.

पण गोडादऱ्यातल्या वरच्या खोल्यांत एसी नसतो. तिथं पत्रा असतो. दुपारी दोनला त्या पत्र्याखाली किती अंश असतात, हे मोजायला तिथं काहीच लावलेलं नाही. शहराचं तापमान वेधशाळेच्या पेटीत, सावलीत, मोकळ्या हवेत मोजतात आणि तेच बातम्यांत येतं. ते बरोबरच आहे, फक्त ते त्या पेटीचं आहे. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा शेकड्यांनी जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेनं दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. पुढं तिथं गरीब वस्त्यांतल्या छतांना पांढरा चुना लावायचं कामही झालं. पांढरं छत ऊन परतवतं आणि खालची खोली काही अंशांनी उतरते. ही सगळ्यांत स्वस्त वातानुकूलन व्यवस्था आहे आणि तिला वीज लागत नाही.

अशा आराखड्यांतून सूचना दिली जाते की दुपारी बारा ते चार घरात थांबा. डाईंग मिलच्या रात्रपाळीवरून सकाळी आलेला माणूस अगदी तेच करतो. तो त्या वेळी घरातच असतो, पत्र्याखाली, झोपायचा प्रयत्न करत. त्याची रात्र सर्वांत गरम तासांत येते, आणि संध्याकाळी त्याला परत वाफेच्या शेजारी उभं राहायचंय. माझी मागणी साधी आहे. महापालिकेनं लिंबायत-गोडादऱ्याच्या पट्ट्यातल्या काही पत्र्याच्या खोल्यांत साधे तापमापक आणि आर्द्रतामापक टांगावेत. याच वस्तीतल्या शाळांच्या मुलांनी मार्च ते जून रोज दुपारी दोनला आणि रात्री दहाला त्यांची नोंद घ्यावी, वही शाळेत ठेवावी. त्या वहीवरून पुढच्या फेब्रुवारीत कुठल्या गल्लीतल्या छतांना आधी चुना लावायचा हे ठरेल, आणि कुठल्या मिलनं उन्हाळ्यापुरत्या पाळीच्या वेळा बदलायच्या, हेही तिच्याच आधारानं मालकांशी बोलता येईल.